मामंजींच्या ओठाची पारख

या, पुढे सरका. मागे बसलेल्यांनीही जवळ या, ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. आणि पंखा बंदच राहू द्या, कारण या गोष्टीत पंख्याला जागा नाही. एका म्हाताऱ्याच्या ओठाची आणि त्याच्या सुनेच्या धीराची ही गोष्ट आहे. जनावरं पुष्कळ येतील, पण भिऊ नका, त्यांतलं एकही चावणार नाही. तुम्ही मन तेवढं मोकळं ठेवा, बाकीचं देव बघून घेईल.

तर ते घर होतं ब्रश करणाऱ्यांचं. झाडझुडीचे ब्रश नव्हेत हं, रंगाचे. चित्रकार ज्यानं पापणीचा एकेक केस काढतात ना, तसले. पुढच्या खोलीत लाकडी दांड्या आणि पत्र्याच्या नळ्या, मागच्या खोलीत केस. मागच्या खोलीची एकुलती एक खिडकी उत्तरेला. तिच्यातून दिवसभर एकसारखा उजेड यायचा, पातळ ताकासारखा. खिडकी बंद, पंखा नाही, कारण एक झुळूक आली की सकाळभराचं काम छताला जाऊन चिकटलंच म्हणून समजा. त्यामुळे त्या खोलीत सगळे हळू बोलत. हसू आलं तर भिंतीकडे तोंड करून हसत. नवं गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "घरात कुणी आजारी आहे का हो?"

खोलीत भिंतभर खणांचं कपाट. खणाखणांत शेपट्या, कापराच्या वासातल्या. या शेपट्या होत्या वीझल नावाच्या जनावराच्या आणि त्याच्या सग्यासोयऱ्यांच्या. वीझल म्हणजे लांबोडं, चपळ, आखूड पायांचं जनावर. तुम्ही म्हणाल, म्हणजे मुंगूसच की! दिसायला तसंच, पण मुंगसाशी त्याचं नातं नाही. ते खानदान वेगळं. थंड मुलुखातल्या तांबूस वीझलच्या शेपटीचा केस मुळाशी बारीक, पोटात जाड आणि टोकाला पुन्हा इतका निमुळता, की टोक कुठं संपलं आणि हवा कुठं सुरू झाली ते डोळ्याला कळू नये. त्याच्या खालच्या खणात बॅजर नावाच्या, बीळ खणणाऱ्या जाडजूड सोयऱ्याचे करडे-पांढरे केस, रंग मऊ पसरवणाऱ्या ब्रशांसाठी. त्याखाली पोलकॅट नावाच्या आणखी एका सोयऱ्याचे, जरा ताठर, तेलरंगाच्या ब्रशांसाठी.

या घरची थोरली सून म्हणजे आपली थोरली. नवरा महिन्यातले बरेच दिवस माल घेऊन गावोगाव. घरात सासरे, म्हणजे तिचे मामंजी, आणि धाकटा दीर. दिराला केसांच्या खोलीत पाऊल टाकलं की शिंका यायच्या, म्हणून सगळे त्याला शिंकोबा म्हणत आणि पुढच्या खोलीत दांड्या घासायला बसवत. थोरलीनं मात्र लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत मागच्या खोलीत बैठक मारली, ती मारलीच. केस विंचरून त्यातली लोकर काढायची, लांबीप्रमाणे लावायचे, चिमूटभर केस पितळी वाटीत टोकं खाली करून सोडायचे आणि वाटी टेबलावर हळूहळू ठोकायची. ठोकता ठोकता सगळी टोकं एका पातळीत येतात. मग दोऱ्याची गाठ, मग नळी, मग डिंक. टोकाला कात्री लावायची नाही, हा घरचा कायदा. कात्री लावली की तो ब्रश नाही, झाडू.

आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे उलटा केस. चिमटीत एखादा केस उलटा राहिला, टोक आत आणि बुडखा बाहेर, तर तो डोळ्याला दिसत नाही. पण रेघ ओढताना तो एकटाच फटकून बाजूला पडतो, आणि एका रेघेच्या दोन होतात.

हा उलटा केस शोधायचा कुणी? मामंजींच्या ओठानं.

तयार झालेला प्रत्येक ब्रश मामंजी तोंडाशी नेत, टोक ओलं करत आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यावरून हलकेच फिरवत. डाव्याच का, तर त्यांचे वडील डाव्याच कोपऱ्यावर फिरवत म्हणून. डोळे मिटलेले. खोलीत सगळे हातातलं काम थांबवत. काही टोचलं नाही तर ते म्हणत, "लोणी." टोचलं तर म्हणत, "टोचतोय." तिसरा शब्द नाही. मामंजींच्या ओठानं पास केलेला ब्रश पुन्हा कुणी तपासायचा नाही. तो अपमान झाला असता.

थोरलीचे साधे ब्रश लोणी ठरत. पण सगळ्यात बारीक जो ब्रश असतो, डोळ्यातला ठिपका आणि मिशीचा केस काढायचा, तो तिनं कितीही जीव ओतून केला तरी परत यायचा. "टोचतोय." ती उजेडात धरून बघायची, काही दिसायचं नाही. सोडून पुन्हा बांधायची. "टोचतोय." शिंकोबा पुढच्या खोलीतून म्हणायचा, "वहिनी, ब्रश टोचत नाही. बाबांना मिशा आहेत, त्या टोचतात."

"भावोजी, तुम्ही दांड्या घासा. आधी तुमच्या नाकाला दांडी लावा."

एक रीत मात्र मामंजी कधी चुकवत नसत. शेपट्यांचं नवं गाठोडं आलं की दोरी सोडण्याआधी ते हात जोडत आणि हलक्या सुरात, गाणं म्हणावं तसं म्हणत, "आम्ही तुला मारलं नाही, पण तुझ्यावर जगतो. तुझा केस वाया जाऊ देणार नाही." मग त्या सुरातच त्या जनावराची हकिकत सांगत. माल आणणाऱ्या दलालाकडून आयुष्यभर ऐकलेल्या हकिकती. कपाटात नसलेल्या सोयऱ्यांच्याही. समुद्रातलं पाणमांजर पाठीवर तरंगत झोपतं आणि लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून शेजाऱ्याचा हात धरून ठेवतं. बॅजर आपल्या बिळातलं जुनं गवत बाहेर टाकतो आणि नवं अंथरतो, सणकीत आलेल्या सासूसारखा. वुल्व्हरिन म्हणजे बर्फातला, छोट्या अस्वलासारखा दिसणारा सोयरा, तो मेलेल्या हरणासाठी लांडग्यांशी भांडतो आणि जिंकतो. गंमत बघा, हे सगळं सांगणाऱ्यानं यांतलं एकही जनावर जिवंत पाहिलेलं नव्हतं. शेपटीच्या पुढे काय असतं ते घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं.

एका सकाळी मामंजींच्या तोंडातून चूळ एकाच बाजूनं ओघळली. शब्द जड झाले, डावा हात लोंबला. दवाखाना, सलाईन, सगळं झालं. देवाची कृपा, की माणूस घरी परत आला. बोलणं आलं, हातही बराचसा आला. डॉक्टर म्हणाले, "कुठे थोडा बधिरपणा राहील, त्याची सवय करून घ्या." सगळ्यांना वाटलं, हाताबद्दल बोलताहेत.

आल्यावर मामंजींनी पहिला ब्रश ओठाशी नेला तो थोरलीचा. सगळ्यात बारीक. डोळे मिटले. मामंजींच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की जणू कुणी कपाळावरून हात फिरवला.

"लोणी," ते म्हणाले. "पोरी, लोणी!"

थोरली उठली, स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात मनसोक्त रडली. शिंकोबानं दारातून डोकावून विचारलं, "वहिनी, पाणी भरताय की आटवताय?"

त्यानंतरचे दिवस त्या घरात असे गेले, की आठवलं तरी सुखानं डोळे जड व्हावेत. मामंजींना एकही ब्रश टोचेना. प्रत्येकाला लोणी. म्हातारा इतका सुखावला, की दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्याला माणसं दिसावीत तशी जनावरं दिसू लागली. जेवणं झाली, उजेड जरा दाट झाला, की ती येत. मामंजी हळूच सांगत, "आली बघ." कपाटाचा खण न उघडता तांबूस वीझल बाहेर यायचा आणि पितळी वाटीभोवती फेरी घालायचा. पाण्याच्या माठाशी पाणमांजर येऊन ओलं अंग झटकायचं, पण जमीन कोरडीच. बाकाखाली बॅजर आपलं गवत नीट करत बसायचा. उंच फळीवर अर्मिन, म्हणजे हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा वीझलचा भाऊबंद, शेपटीचं टोक तेवढं काळं, दौतीत बुडवून काढल्यासारखं. कुणी कुणाला चावत नव्हतं. सगळी मामंजींच्या पायाशी येऊन वेटोळं करून झोपायची, आणि मामंजी त्यांच्या झोपेच्या तालावर गुणगुणायचे.

थोरली काम करता करता ऐकायची. कधी कधी तिलाही वाटायचं, पायाला काहीतरी ऊबदार घासून गेलं.

"का येतात ती, मामंजी?" तिनं एकदा विचारलं.

"आता कुणी टोचत नाही ना," ते म्हणाले. "एकही केस वाया जात नाही आता. म्हणून येतात. मला भेटायला येतात, पोरी. माझं आयुष्य सार्थकी लागलं."

इथपर्यंत सगळं गोड. पुढचं ऐका.

आजारपणात ऑर्डरी तुंबल्या होत्या. म्हणून शिंकोबाही नाकाला फडकं बांधून केसांच्या खोलीत येऊन बसला. दोन तास शिंका दाबून दाबून त्यानं एक बारीक ब्रश बांधला. तो पाहून थोरलीला हसू आवरेना.

"हे काय, भावोजी? घाबरलेली खार?"

"हसा. बाबांना दाखवतो, ते शिव्या देतील, मग परत दांड्यांकडे जातो. सुटलो."

मामंजींनी तो ब्रश ओला केला, डाव्या कोपऱ्यावरून फिरवला आणि डोळे मिटूनच म्हणाले, "लोणी."

शिंकोबा थोरलीकडे बघायला लागला, थोरली शिंकोबाकडे. तेवढ्यात मामंजींनी बाजूचा चहाचा कप उचलून एक घोट घेतला. चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आला, हनुवटीवरून निघाला आणि सदऱ्यावर टपकला. मामंजी हसत होते. त्यांनी तो पुसला नाही. त्यांना तो कळलाच नव्हता.

तेव्हा थोरलीला सगळं उमगलं. टोचत नाही म्हणजे चांगला, हीच तर पारख होती. आणि जो ओठ मेला त्याला काहीच टोचत नाही. तिचं लोणी, शिंकोबाचं लोणी, सगळं एकाच बधिर ओठाचं. नळ सोडून रडलेलं ते सगळं सुख तिच्या हातातून असं गळालं, की तिनं टेबलाची कड धरली.

त्याच दिवशी घरच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एका चित्रकार बाईंचा निरोप आला होता. मोठ्या दालनातल्या अख्ख्या भिंतीवर त्या जगभरातल्या वीझलच्या खानदानाचं चित्र काढत होत्या. सगळं झालं होतं, मिशा आणि डोळ्यांतले ठिपके राहिले होते. सगळ्यात बारीक ब्रश हवा, आणि तो मामंजींच्या ओठावरून गेलेला. मामंजींनी हातात होता तोच, शिंकोबाचा ब्रश पुढे केला. "हाच ने. सगळे सारखेच आहेत आता."

पास झालेला ब्रश तपासायचा नाही. तिनं तो घेतला आणि निघाली.

दालनात पाऊल टाकलं आणि ती थबकली. वर बर्फातून वुल्व्हरिन पाय ओढत चालला होता. निळ्या पाण्यावर पाणमांजरं हातात हात घालून झोपली होती. दाट जंगलातल्या नदीत माणसाएवढं लांब पाणमांजर मासा खात होतं. तापलेल्या माळावर पाठीवर पांढरी शाल घेतल्यासारखं एक जनावर मधाच्या पोळ्याशी भांडत होतं, डोक्याभोवती माश्यांचं मोहोळ उठलं तरी मागे न हटता. आणि मधोमध, दगडावर दोन पाय टेकून उभा, तांबूस वीझल. त्याला कान होते. इवलेसे पंजे होते. मान अशी वळवली होती, जणू त्याला कुणी हाक मारली आहे. थोरलीनं शेपटी लगेच ओळखली, रोजची. पण तिची नजर शेपटीवरून पुढे पुढे जात राहिली.

"शेपटीच्या पुढे एवढं सगळं असतं होय?" ती म्हणाली.

"असतं की," शिडीवरून बाई हसल्या. "आणि हा बघ खाली, सगळ्यांत धाकटा. उंदराच्या बिळात शिरतो, एवढासा. ब्रश आणलास? दे इकडे."

उंदराच्या बिळातून डोकं काढणाऱ्या त्या चिमुकल्या वीझलच्या गालावर बाईंनी पहिली मिशी ओढली. रेघ निघाली आणि अर्ध्यावर फाटली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा फाटली.

"ही मिशी आहे, रेल्वेचे रूळ नव्हेत," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या घरचा ब्रश हा? ओठावरून गेलाय?"

"गेलाय."

"मग मीच येऊन विचारते त्यांना."

"नको, बाई!" थोरली जवळजवळ ओरडलीच. "मी दुसरा आणते. तुम्ही येऊ नका. एवढं माझं ऐका."

परत येताना तिच्या डोक्यात एकच चक्र. किती सोपं होतं! मामंजींना लोणी लोणी म्हणू द्यायचं, आणि मागाहून आपण गुपचूप तपासायचं. वाईट ते सोडायचे, चांगले ते पाठवायचे. कुणाचं काय बिघडतं? म्हाताऱ्याची दुपार तशीच राहील, पायाशी ती झोपलेली जनावरं तशीच राहतील. आयुष्यभर केसाशी प्रामाणिक राहिलेल्या माणसाला शेवटी एवढं मऊ अंथरूण मिळालंय, ते ओढून काढायचं? कुठल्या तोंडानं? दारात येईपर्यंत तिनं ठरवून टाकलं, बोलायचं नाही.

आणि घरात शेपट्यांचं नवं गाठोडं येऊन पडलं होतं. मामंजी दोरीवर हात ठेवून तिचीच वाट बघत होते. एक हात अजून जड, तरी त्यांनी दोन्ही जुळवले, आणि त्या मंद, डुलत्या सुरात म्हणाले, "तुझा केस वाया जाऊ देणार नाही."

थोरलीच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा तो मान वळवलेला वीझल आला. तो कान, तो पंजा. आणि मागे फळीवर ओळीनं लावलेले ब्रश, सगळे पास झालेले, कुठल्यात किती केस उलटे ते एका देवाला ठाऊक. आपण गप्प बसलो तर हा माणूस रोज हात जोडून खोटं बोलेल, आणि त्याला ते कळणारही नाही. तिला ते सोसवेना.

ती चहा घेऊन आली. मामंजींनी घोट घेतला, डावीकडून ओघळ आला. ती खुर्चीसमोर खाली बसली.

"मामंजी, चहा सांडतोय."

"कुठं?"

आजवर तिनं मामंजींना वाकून नमस्कारच केला होता, त्याहून जवळ ती कधी गेली नव्हती. आज तिनं त्यांचा उजवा हात धरला, त्यांचं बोट त्यांच्याच ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर नेलं. बोट ओलं झालं. मामंजींनी बोटाकडे पाहिलं. मग ओठाला चिमटा काढून पाहिला. मग जोरात काढला.

"कधीपासून?" ते म्हणाले.

"तुम्ही दवाखान्यातून आलात तेव्हापासून."

"आणि तुला कधी कळलं?"

"आज."

तिनं परत आणलेला ब्रश ओला केला आणि त्यांच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवला. मामंजी काटा रुतल्यासारखे मागे सरले. मग शिंकोबा शिंकला. दाबून दाबून, आणि तरी जोरात. टेबलावरचे केस उडाले.

"हा तुझा," मामंजी त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"माझा," शिंकोबा म्हणाला. "मी तर शिव्यांसाठीच दाखवला होता हो. तुम्ही लोणी म्हणालात. मीच चक्रावलो, वहिनींना विचारा."

मामंजी हसले नाहीत. "फळीवरचे सगळे आण," म्हणाले.

सगळे आणले. उजेड सरेपर्यंत त्यांनी एकेक ब्रश उजव्या ओठावरून फिरवला. टोचतोय. टोचतोय. लोणी. टोचतोय. जे टोचले ते कोमट पाण्यात गेले, डिंक सुटला, केस मोकळे होऊन पुन्हा सुकायला पसरले. एकही फेकला नाही. थोरली सोडत होती, शिंकोबा पुसत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. उजेड दाट झाला. मामंजी खुर्चीत बसून माठाकडे, मग फळीकडे, मग बाकाखाली बघत राहिले. बराच वेळ.

"येत नाहीत," ते म्हणाले.

थोरलीनं वाटी ठोकणं थांबवलं.

"तू माझी जनावरं घालवलीस, पोरी."

"घालवली, मामंजी." तिचे डोळे भरले होते, पण तिनं मान खाली घातली नाही.

ते पुन्हा बाकाखाली बघत म्हणाले, "मला भेटायला येत होती असं वाटलं मला. ती आपापल्या केसांचं काय होतंय ते बघायला येत असतील." आणि तिच्या हाताकडे बघून, "काय बांधतेयस? दाखव."

तिचा बारीक ब्रश होता. पहाटे उठून करायला घेतला होता. मामंजींनी तो ओला केला, उजव्या कोपऱ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"टोचतोय," ते म्हणाले. "एकच."

आणि काय सांगू तुम्हाला, थोरलीच्या छातीवरचं ओझं उतरलं! तो नकार तिला कुठल्याही लोण्याहून गोड लागला, कारण तो खरा होता. ती खिडकीशी गेली, ब्रशची गाठ सोडली. बोथट सुरीच्या कडेवर चिमूट पसरून एकेक केस उजेडात बघत गेली, आणि सापडला. पोटाशी जाड, टोकाच्या जागी बोडका बुडखा, सगळ्यांत लपून बसलेला. तिनं तो नखानं अलगद ओढला, सरळ करून दुसऱ्या चिमटीत ठेवला, ब्रश पुन्हा बांधला आणि मामंजींपुढे धरला.

मामंजींनी घेतला नाही. "तुझ्या ओठाला लाव."

"मी?"

"मग काय शिंकोबा? मला अर्धाच ओठ उरलाय. अर्ध्या ओठाचा काय भरवसा, आज आहे उद्या नाही. लाव. आणि मी ऐकतोय म्हणून सांगू नकोस, लागेल तेच सांग."

थोरलीनं डोळे मिटले. ब्रश ओलसर, गार. ओठावरून गेला तेव्हा तिला आधी काहीच कळलं नाही, मग कळलं की कळण्यासारखं काही नाहीच. जणू कुणी फुंकर घातली आणि ती पोचण्याआधीच विरली.

"लोणी," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच नवा वाटला.

"ने मग," मामंजी म्हणाले. "थांब. मीही येतो. एवढं खानदान भिंतीवर उभं केलंय म्हणतेस, तर मला बघू दे तरी, आयुष्यभर कुणाच्या मागे मागे फिरलो ते."

शिंकोबानं त्यांना एका हाताला धरलं, थोरलीनं दुसऱ्या. दालनात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली, अगदी खाली, धाकट्या वीझलच्या समोर. बाईंनी ब्रश रंगात बुडवला, गालावर टेकवला आणि ओढला. रेघ निघाली. बारीक, लवचीक, शेवटी हवेत विरत गेलेली. एकसंध. मग दुसरी, मग तिसरी. मग डोळ्यात पांढरा ठिपका, आणि ते जनावर त्या तिघांकडे बघायला लागलं.

मामंजी पुढे वाकले. त्यांचा श्वास भिंतीला लागत होता.

"हा तर बोटभर आहे गं," ते म्हणाले. "एवढ्याशा जिवाला केवढी घाई बघ."

"बाबा, रंग ओला आहे. शिंकू नका," शिंकोबा म्हणाला, आणि त्या मोठ्या दालनात ते सगळे जण भिंतीकडे तोंड करून हसले, घरच्यासारखे.

पुढे त्या घरचे ब्रश थोरलीच्या ओठावरून जाऊ लागले. मामंजी दुपारी खुर्चीत बसायचे. जनावरं आली की नाही ते त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही, आणि थोरलीनंही विचारलं नाही.

झाली गोष्ट. आता उठण्याआधी माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी, देवळात, पुस्तकात, कुठंतरी एखादं चित्र असेल. त्यात एखादी अशी बारीक रेघ असेल, की कुठं संपली ते कळू नये. ती दिसली की घटकाभर थांबा आणि त्या म्हाताऱ्याला आठवा. आपल्या म्हातारपणाचं सुख खोटं निघालं म्हणून ज्यानं ते आपल्या हातानं पाण्यात सोडलं, आणि जिनं ते दाखवून दिलं तिच्यावर रागावला नाही, त्या मामंजींना. नाव विचारू नका. आठवण ठेवलीत तरी त्यांना पोचेल.